गळतीवाल्या मॅडम

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दारात चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाई ओट्यापाशी पोह्यांची तयारी करत होत्या. मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला, शेगडी थोडा वेळ पेटवू नका म्हणाल्या, पर्समधून फवाऱ्याची लहानशी बाटली काढली आणि सिलिंडरच्या रेग्युलेटरवर साबणाचं पाणी मारलं. मग फरशीवर उकिडव्या बसून बुडबुडा येतो का ते पाहत राहिल्या. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी मॅडमच्या पाठीकडे. बराच वेळ काही आलं नाही. मॅडम उठल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "चांगलं आहे. आता करा पोहे."

त्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, ही बाई गॅस एजन्सीत आहे का? मी सांगितलं, आमच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकवतात. सासूबाईंना ते पटलं नाही. पण पुढे एकदा मॅडम बरेच दिवस आल्या नाहीत तेव्हा त्याच म्हणाल्या, त्या बुडबुड्यावाल्या बाईंना बोलाव की एकदा.

आमचं कॉलेज मोताळा रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी सोयाबीन आणि कपाशीची रानं. जिल्ह्यातल्या इतर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांसारखंच, दरवर्षी प्रवेश किती होतील या काळजीत जगणारं. मी तिथे इंग्रजी शिकवते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना अर्ज लिहायला आणि मुलाखतीत बोलायला शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात इतरांच्या रिपोर्टांमधलं इंग्रजी नीट करायचं. त्या दुसऱ्या कामामुळेच मी मॅडमच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले. नाहीतर मशीन पाहून मला आजही झोप येते.

पोरं त्यांना 'गळतीवाल्या मॅडम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा वर्गात एका मुलाच्या तोंडून चुकून निघून गेलं आणि तो घाबरून उभा राहिला, तर त्या म्हणाल्या की नाव बरोबरच ठेवलं आहे, बस खाली. त्यांचा एक ठाम विचार होता. कुठलीही वस्तू बंद दिसते म्हणून बंद आहे असं धरायचं नाही. तपासायची. आणि एकदा तपासून भागत नाही. "पहिल्या वेळी सगळेच शहाण्यासारखे वागतात," असं त्या म्हणत, वस्तूंबद्दल आणि कधीकधी प्राध्यापकांबद्दलही.

प्राचार्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. मागच्या अंगणात मांडव टाकून आचारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करत होता. मॅडमनी होमाला हात जोडले आणि दुसऱ्या मिनिटाला त्या मांडवात होत्या. आचाऱ्याच्या मोठ्या सिलिंडरच्या नळीवर साबणाचं पाणी मारलं आणि या वेळी बुडबुडा आला. चांगला बोराएवढा. मॅडमनी स्वतः सिलिंडर बंद केलं आणि सगळ्या पाहुण्यांना उठवून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उन्हात उभं केलं. आचारी म्हणत होता, बाई, मी इतकी वर्षं असंच करून राह्यलो. मॅडम म्हणाल्या, तेच तर. नवीन नळी मलकापूरहून येईपर्यंत जेवणं खोळंबली, गुरुजी घड्याळाकडे बघत बसले आणि प्राचार्यांच्या बायकोनं नंतर वर्षभर मॅडमशी धड संभाषण केलं नाही. प्राचार्यांनी मात्र स्टाफ मीटिंगमध्ये त्यांचे जाहीर आभार मानले. आभार मानताना त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होता.

गळणं म्हणजे वाईटच, असं मात्र त्यांचं मत नव्हतं. एकदा मोताळ्याच्या बाजारात आम्ही माठ घ्यायला गेलो. मी दिसायला गुळगुळीत, चकचकीत माठ उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरा खडबडीत दिला. म्हणाल्या की हा पाझरेल, म्हणून पाणी गार करेल. तो चकचकीत पाझरणार नाही, त्यातलं पाणी तसंच राहील. मग कुंभारणीला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाल्या, "गळणं वाईट नाही. किती गळते ते माहीत नसणं वाईट."

त्या मूळच्या रोहिणखेडच्या. घरचा भाजीपाल्याचा मळा, तो आता भाऊ करतो. लग्न केलं नाही, आईला घेऊन कॉलेजजवळ भाड्यानं राहत. मला वाटे, अशा स्वभावामागे काहीतरी घडलेलं असणार, एखादा स्फोट, एखादा अपघात. एकदा त्यांच्या आईला एकटीला गाठून विचारलं. म्हातारी वाल सोलत होती. म्हणाली, काही झालं नाही वं, लहानपणापासून अशीच. बादली पालथी करून बुड पाह्ये, मंगच विहिरीवर न्ये. मी मॅडमनाही विचारून पाहिलं. त्यांनी मान हलवली. "सगळ्यांले वाटते मागं काहीतरी गोष्ट असन. नाही. मले पाहायले आवडते, एवढंच."

बोलत त्या अशाच, वऱ्हाडी. वर्गातही, बाहेरून आलेल्या परीक्षकांशीही. पुण्याचे एक परीक्षक त्यांचं 'आकसून राह्यलं' ऐकून ओठांतल्या ओठांत हसले होते. मॅडमनी ते पाहिलं आणि पुढचं वाक्यही तसंच बोलल्या.

आता त्यांच्या कामाबद्दल सांगते, मला समजलं तेवढं. कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर रचून, भाजून जो पत्रा तयार होतो त्याला कंपोझिट म्हणतात. लोखंडापेक्षा कितीतरी हलका आणि तसाच मजबूत. म्हणून अतिथंड इंधनाच्या टाक्या या पत्र्याच्या करायच्या असं जगभर चाललं आहे. अडचण अशी की रेझिन थंडीत खूप आकसतं आणि धागा जवळजवळ आकसत नाही. मग रेझिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. एका थरातली भेग पुढच्या थरातल्या भेगेला मिळाली की वायूला वाट सापडते. ही वाट आहे का आणि तिच्यातून किती वायू जातो, हे मॅडम पाहत. पत्र्याची बशीएवढी चकती दोन पोलादी कड्यांमध्ये घट्ट आवळायची, वरच्या बाजूला हीलियम भरायचा, खालच्या बाजूची हवा पंपानं काढून टाकायची, आणि सगळं द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचं. शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. चकतीतून पलीकडे गेलेला हीलियम एक यंत्र मोजतं आणि पडद्यावर रेघ काढतं. रेघ आडवी राहिली तर चकती टिकली. यंत्र एका बंद पडलेल्या कारखान्यातून आलेलं होतं आणि मॅडमशिवाय कोणाचं ऐकत नसे.

नायट्रोजन मात्र गाईंचा होता. कृत्रिम रेतनाच्या कांड्या गोठवून ठेवायला तो लागतो. तो पुरवणारी गाडी ठरलेल्या दिवशी नांदुऱ्याला येई, तिथून मॅडम आपल्या जुन्या व्हॅनमध्ये, सगळ्या काचा उघड्या ठेवून, भांडं घेऊन येत. असं भांडं आपल्या भागात कोणीही ओळखतं. एकदा वडनेर भोलजीला चहासाठी थांबलो तर एक शेतकरी व्हॅनमध्ये डोकावला आणि हात जोडून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, गाय सकाळपासून माजावर आली हाये. देवासारख्या भेटल्या."

दुसरं कोणी असतं तर हसून पुढे गेलं असतं. मॅडमनी त्याला नीट समजावलं की आमच्या भांड्यात नुसता नायट्रोजन आहे, कांड्या नाहीत. त्याचा चेहरा पडला. त्याच्या गावाकडचा माणूस फोन उचलत नव्हता. मग मॅडमनी नांदुऱ्याच्या गाडीवाल्याला फोन लावला, त्याच्याकडून दुसऱ्या रेतनवाल्याचा नंबर मिळवला, आणि तो येईपर्यंत आम्ही त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात बसून राहिलो. भांड्यातला नायट्रोजन इकडे उडून चालला होता. मी म्हटलं, आपण गेलो तरी चालेल आता. त्या म्हणाल्या की तो माणूस आला नाही तर यानं काय करायचं? तो आला, काम झालं, मगच उठल्या. वासरू झालं तेव्हा त्या शेतकऱ्यानं फोन करून कळवलं. मॅडमनी विचारलं, गाय कशी आहे. मग विचारलं, गोठ्याचं छत गळत होतं ते नीट केलं का.

वैभव त्यांचा विद्यार्थी. डोणगावचा, वडिलांची शेती आणि धान्याचा लहानसा व्यापार. दुसऱ्या वर्षाला असताना एका आकड्यावरून तो मॅडमशी वर्गात भांडला होता, चुकला होता, आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा काढून परत भांडायला आला होता. तेव्हापासून तो त्यांचा लाडका. पुढे त्यानं चांगली नोकरी सोडली, वडिलांचा विरोध पत्करला, आणि दोन मित्रांबरोबर पुण्याजवळ कार्बनचे पत्रे बनवण्याचं काम सुरू केलं. एका मोठ्या कंपनीला थंड इंधनाच्या टाक्यांसाठी त्यांचा पत्रा हवा होता. अट एकच, थंडीत गळत नाही हे दाखवा. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये रांग होती. वैभव चकत्या घेऊन मॅडमकडे आला.

प्राचार्यांनी लगेच त्याच्याशी सामंजस्य करार केला, हार घातले, स्थानिक पेपरांत फोटो आला. प्रवेशाचे दिवस जवळ आलेले असताना असा फोटो म्हणजे त्यांच्यासाठी मोठीच गोष्ट. चाचणीच्या दिवशी ते स्वतः प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. साध्या तापमानाला रेघ आडवी. नायट्रोजन ओतला, पांढरी वाफ जमिनीवर पसरली, चकती थंड झाली, तरी रेघ आडवी. वैभवनं डोळे मिटून घेतले. प्राचार्यांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं.

मॅडम म्हणाल्या, "पेढे येऊ द्या. तोवर ही गरम होऊ द्या, परत थंड करू."

वैभव हसला. त्याला त्यांची सवय ठाऊक होती. दुसऱ्यांदाही रेघ आडवी राहिली, थोडी थरथरली एवढंच. त्यानंतरच्या वेळेला मात्र ती हळूहळू वर चढू लागली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वर. पेढ्यांचं खोकं टेबलावर तसंच बांधलेलं होतं. प्राचार्य कधी निघून गेले ते कळलंच नाही.

वैभव बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला की चकती नाही, मॅडमची कडी गळत असेल. मॅडमनी आकडा वहीत लिहून घेतला. त्यामुळे त्याचा तोल आणखीच गेला. "हे मशीन भंगारातलं, नायट्रोजन गाईचा. यावर माझं सगळं ठरणार का, मॅडम?"

"कडी गळत असू शकते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानं उरलेल्या चकत्या बॅगेत भरल्या आणि चहा न घेता गेला. वापरलेली चकती तेवढी कड्यांमध्ये राहिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. रिपोर्टमध्ये जरा मवाळ इंग्रजी वापरता येईल का, असं त्यांचं म्हणणं. थोडाफार फरक आढळला, वगैरे. मी म्हटलं, वाक्य होईल, पण ते मॅडमचं वाक्य नसेल. मग मॅडमकडे गेले, तर त्यांनी रिपोर्ट लिहायलाच घेतला नव्हता. मला वाटलं होतं, त्या दुखावल्या असतील, रागावल्या असतील. त्या टेबलाखाली वाकून कड्यांचे बोल्ट मोजपट्टीनं पाहत होत्या. "तो म्हणे ते खरं असू शकते," आतूनच म्हणाल्या. "आधी ते पाहू."

सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यांनी स्वतःला खोटं पाडण्यात घालवली. मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. बाहेर आमच्याकडचा मे महिना. कूलरच्या दमट हवेनं यंत्रावर बर्फ धरतो म्हणून कूलर बंद. नायट्रोजनच्या वाफेनं खोलीतला प्राणवायू कमी होऊ नये म्हणून खिडक्या सताड उघड्या, त्यातून झळा येत. एकीकडे घाम, एकीकडे ते भयंकर थंड भांडं. पंपाला लागणारी वीज कधी जाईल याचा नेम नाही. मी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन कोपऱ्यात पेपर तपासत बसे, कारण त्यांनी एकटीनं तिथे असणं मला बरं वाटत नव्हतं.

त्यांनी त्याच मापाची भरीव पोलादी चकती करून आणली. पोलादातून हीलियम जाण्याचा प्रश्नच नाही; तरी रेघ चढली तर दोष कड्यांचा. रेघ चढली. अगदी थोडी, पण चढली.

मी म्हटलं, म्हणजे वैभवचं बरोबर होतं तर. मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद होता, खराखुरा, मळ्यातल्या वांग्याला पहिलं फूल आल्यावर होतो तसा. बोल्ट आणि कड्या वेगवेगळ्या आकसत होत्या, त्यामुळे आवळलेली जागा दर वेळच्या थंडीत किंचित सैल पडत जात होती. त्यांनी बोल्टांखाली स्प्रिंगसारखे वाकवलेले वॉशर घातले. बरेच प्रयोग फसले. शेवटी पोलादी चकतीवर रेघ आडवी झाली, कितीही वेळा थंड करा. मग त्यांनी वैभवची जुनी चकती लावली.

फोन त्यांनी माझ्यासमोरच केला. हातात जाड हातमोजे असल्यामुळे स्पीकरवर. "वैभव, तुझं बरोबर होतं. माझी कडी गळत होती."

पलीकडे तो इतक्या मोकळेपणानं हसला की मलाही हसू आलं. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण ऐक. कडी नीट केली. चकती आधी दिसलं होतं त्यापेक्षा कमी गळते. पण गळते."

त्याचं हसू थांबलं. मग 'ठीक आहे मॅडम' म्हणून फोन ठेवला.

प्राचार्य या वेळी खरंच चिडले. स्वतःची चूक सांगायची काय गरज होती, आता पुढचं कोण मानेल, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. वैभवच्या भागीदारांनी नेमकं तेच केलं. मॅडमनी चूक कबूल केली म्हणून त्यांचा निकाल बाजूला ठेवला, आणि दुसरीकडून चाचणी करून घेतली. तिथे चकती एकदा थंड केली, एकदा टिकली, पास झाल्याचं सर्टिफिकेट मिळालं. मला ते कळलं तेव्हा मी संतापले. मॅडम नाहीत. त्या प्रयोगशाळेनं खोटं काही लिहिलं नाही, म्हणाल्या. एकदा विचारलं, एकदाचं उत्तर दिलं. पण त्या दिवशी कँटीनच्या सिलिंडरवर त्यांनी दोनदा साबणाचं पाणी मारलं, आणि कँटीनवाला माझ्याकडे बघून खांदे उडवत होता.

आषाढात वैभव एकटा आला. आधी फोन नाही, काही नाही. दाराशी उभा राहून म्हणाला, मी स्वतः करून पाहू का? मॅडमनी त्याच्याकडे हातमोजे दिले आणि बाजूला झाल्या. त्यानं बोल्ट आवळले, नायट्रोजन ओतला. गरम केलं, परत ओतला. मॅडमनी त्या सबंध वेळात कशालाही हात लावला नाही. रेघ चढली तेव्हा त्यानं नवी चकती लावली. तीही चढली. मग त्यानं एका चकतीची कड कापली, घासली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मलाही बोलावून दाखवली. वाळलेल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगा, थराथरांतून खाली उतरत गेलेल्या.

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "मी सांगितलं नाही तर?"

"तर टाकी भरतील," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या वेळी काही होणार नाही. दुसऱ्या वेळीही नाही, बहुतेक. पुढचं मले माहीत नाही."

तो वाट पाहत होता की त्या आणखी काही म्हणतील, काय कर ते सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. आईनं दिलेला डबा उघडला, भाकरीचे तीन भाग केले.

आज वैभव दुसऱ्या एका मोठ्या गटाबरोबर काम करतो. तिथे थर इतके पातळ करतात की भेगांना एकमेकींपर्यंत पोचता येत नाही. त्यांच्या चकत्या मॅडमकडे येतात आणि कुठवर टिकतात ते पाहून परत जातात. आमची मेकॅनिकल शाखा मध्यंतरी बंद होता होता राहिली; ती या चकत्यांमुळे राहिली असं प्राचार्य आता पाहुण्यांना सांगतात. पण त्या आधीचे काही महिने वाईट गेले. मोठ्या कंपनीचं काम गेलं, भागीदार वेगळे झाले, पुण्याजवळची जागा बंद झाली. वैभव मॅडम सोडून कुणाचे फोन घेईना. आणि पोळा आठवड्यावर आला असताना त्याचे वडील आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

पांढरा पायजमा, टोपी, चपला बाहेर काढलेल्या. डोणगावहून दोन बस बदलून आले होते. मॅडमनी स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी वैभवचा बाप. तुमी त्याले शिकवलं, म्याडम. घरी तुमच्याशिवाय दुसरं नाव नसे त्याच्या तोंडात. मंग तुमीच काऊन बुडवलं त्याले?"

मला वाटलं, मॅडम आता सगळं सांगतील. त्यांनी यंत्र सुरू केलं. "भाऊ, बसा. दाखवते." आठवड्याचा उरलेला नायट्रोजन त्यांनी मुलांच्या प्रात्यक्षिकासाठी राखला होता. तो सगळा त्यांनी त्या दुपारी वापरला. आधी पोलादी चकती लावली, आडवी रेघ दाखवली. मग वैभवची. तो मनुष्य गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पडद्याकडे बघत होता. रेघ वर निघाली तसं त्यांनी विचारलं, हे काय चढून राह्यलं? मॅडमनी सांगितलं, या बाजूचा वायू त्या बाजूला चालला आहे.

"भेग तं दिसत नाही."

"दिसत नाही."

"आन् टाकीत असतं हे, तं?"

"टाकीतला वायू पेटणारा असते, भाऊ. टाकीजवळ माणसं काम करतात."

ते स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणून तुमी कळवलं कंपनीले."

"मी नाही कळवलं. माझा रिपोर्ट त्याच्या भागीदारांनी बाजूला ठेवला होता. वैभवच्या हातात पास झाल्याचं सर्टिफिकेट होतं. तरी तो स्वतः गेला आणि सांगून आला."

"त्यानं सांगतलं?"

"हाव. त्यानंच."

वडिलांनी टोपीची घडी केली, उघडली, परत केली. घरी त्यानं एवढंच सांगितलं होतं की काम सुटलं. त्यावर ते त्याला खूप बोलले होते, नोकरी सोडल्यापासूनचं साठलेलं सगळं. तेव्हापासून तो त्यांचा फोन घेत नव्हता. हे त्यांनी आम्हाला तुटक तुटक सांगितलं, खाली बघत.

मॅडमनी आपला फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडून 'हां मॅडम' आलं तशा त्या म्हणाल्या, "वैभव, ठेवू नको," आणि फोन वडिलांच्या हातात दिला.

त्यांनी फोन कानाशी धरला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "जेवला काय रे?"

मॅडमनी माझा दंड धरून मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि मागे दार ओढून घेतलं. ऊन-सावली चालली होती, समोरच्या सोयाबीनवरून वारा येत होता. मी म्हटलं, काय बोलत असतील? त्या म्हणाल्या, आपल्याले काय करायचं. आणि दारापासून आणखी थोड्या लांब, कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

दार उघडलं तेव्हा वैभवच्या वडिलांनी टोपी घातलेली होती. त्यांनी फोन दोन्ही हातांनी परत दिला. "पोळ्याले येतो म्हन्ते," एवढंच म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. ते चपला घालून पायऱ्या उतरू लागले तशा त्या कठड्यावरून वाकल्या. "भाऊ, त्याले म्हणा, नवीन चकत्या करायच्या असतील तर पातळ थराच्या कर. मी नायट्रोजन सांगून ठेवते."

त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. पण विसरायला नको म्हणून ते तोंडातल्या तोंडात 'पातळ थराच्या, पातळ थराच्या' म्हणत फाटकाकडे चालत गेले.